म्हाताऱ्या मांजराचा गंभीर आजार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मांजराने दहा वर्षे ओलांडली की पशुवैद्यक त्याला वयस्क मानतात. घरात राहणारी, वेळच्या वेळी लस घेतलेली मांजरे पंधरा वर्षे जगतात, काही विशीही गाठतात. या वयात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होणे, थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय होणे, मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, सांधेदुखी आणि कर्करोग हे आजार नेहमी दिसतात. उपचार करायचे का, किती करायचे आणि कुठे थांबायचे हे तेव्हा घरच्यांना ठरवावे लागते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात या निर्णयात अंतराचीही भर पडते. गावोगावच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मुख्य काम गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांचे असते. सोनोग्राफी, रक्ताच्या सविस्तर तपासण्या किंवा भूल देऊन शस्त्रक्रिया यांसाठी पौड-पिरंगुटपासून मुळशी धरणामागच्या गावांपर्यंत बहुतेकांना पुणे गाठावे लागते. एवढी धावपळ करायची की नाही, हे अनेकदा ऐकीव समजुतींवर ठरते. त्यांपैकी नेहमीच्या काही समजुती आणि त्यांमागची वस्तुस्थिती पुढे दिली आहे.

गैरसमज १: वय झाले, आता उपचार करून उपयोग नाही.

म्हातारपण हा आजार नव्हे. भरपूर खाऊनही मांजर वाळत चालले असेल तर थायरॉइडचा विकार असू शकतो आणि तो रोजच्या गोळ्यांनी आटोक्यात राहतो. मधुमेहात इन्सुलिन आणि योग्य आहार लवकर सुरू झाला तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे बंदही करता येते. खाणे सोडलेल्या मांजराचे दुखणे कधी कधी केवळ किडलेल्या दातांचे असते. भुलीचा धोका वयाच्या आकड्यापेक्षा हृदय, मूत्रपिंडे आणि रक्तदाब यांच्या स्थितीवर अधिक अवलंबून असतो, म्हणून भुलीआधी त्यांच्या तपासण्या करतात. त्यामुळे निदान होण्याआधी उपचार नाकारणे म्हणजे नेमके काय नाकारले हेच न कळणे होय. उलट, सर्वत्र पसरलेला कर्करोग तरुण मांजरातही बरा होत नाही. निर्णय आजारावर आणि त्याच्या टप्प्यावर ठरतो.

गैरसमज २: ओरडत नाही, घुरघुर करते, म्हणजे दुखत नाही.

मांजर दुखणे लपवते. ते आनंदात घुरघुरते तसेच वेदनेत आणि भीतीतही घुरघुरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरील शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वद मांजरांत सांध्यांची झीज आढळली. त्यांतली बहुतेक कधी लंगडलेलीही नव्हती. उंच फळीवर उडी मारणे बंद होणे, अंग चाटून स्वच्छ न ठेवणे, पाठीवरचे केस गुंतणे, मातीच्या ट्रेबाहेर शी-शू होणे, कपाटामागे बसून राहणे ही वेदनेची खरी लक्षणे. चेहऱ्यावरूनही अंदाज येतो. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांडलेल्या मोजपट्टीत कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले आहेत, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि मान किती खाली गेली आहे या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर वेदनाशामकाचा विचार करावा लागतो.

गैरसमज ३: किडनी गेली म्हणजे सगळे संपले.

वयस्क मांजरांत मूत्रपिंडांचा जुनाट आजार फार आढळतो. तो बरा होत नाही, पण त्याचे टप्पे असतात. रक्तातील क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य दर डेसिलिटरला १.६ ते २.८ मिलिग्रॅम असेल तर दुसरा टप्पा, २.९ ते ५ असेल तर तिसरा आणि ५ च्या वर चौथा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निदानानंतरचे मध्यक आयुष्य दुसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात ११५१ दिवस, तिसऱ्यात ७७८ दिवस आणि चौथ्यात १०३ दिवस भरले. म्हणजे "किडनी खराब आहे" या एकाच वाक्यात तीन वर्षेही मावतात आणि तीन महिनेही. म्हणून डॉक्टरांना टप्पा विचारावा. कमी फॉस्फरसचा आहार, उलटी आणि रक्तदाबावरची औषधे, कातडीखाली सलाईन हे उपचाराचे मुख्य भाग आहेत. कातडीखालचे सलाईन देण्याची रीत डॉक्टर घरच्यांना शिकवू शकतात. मुळशीसारख्या ठिकाणी त्यामुळे दर वेळी पुण्याची खेप पडत नाही. रक्तदाबाकडे दुर्लक्ष झाले तर मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

गैरसमज ४: तोवर घरातली गोळी थोडीशी द्यायला हरकत नाही.

पॅरासिटामॉल मांजराला विषारी आहे. ते पचवून निरुपद्रवी करणारी यकृतातील प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजते. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही धोकादायक, विशेषतः मूत्रपिंडे आधीच कमकुवत असताना. गोठ्यातल्या किंवा कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेले परमेथ्रिन मांजराच्या अंगावर पडले तरी झटके येऊन ते मरू शकते. मांजराला चालणारी वेदनाशामके आहेत, पण ती पशुवैद्यकाने वजन आणि रक्ततपासणी पाहून ठरवायची असतात.

गैरसमज ५: खात नसेल तर राहू द्यावे; दूध-भात पुरे.

मांजराला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस काहीच न खाल्लेल्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठून नवाच जीवघेणा आजार सुरू होऊ शकतो. म्हणून चोवीस तास अन्नाला तोंड न लावलेले म्हातारे मांजर डॉक्टरांना दाखवणे योग्य. मांजर मूळचे मांसाहारी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला आहारातून मिळावेच लागते आणि ते दूध-भातात पुरेसे नसते. टॉरिनच्या कमतरतेने हृदयाचे स्नायू निकामी होतात, हे १९८७ मध्ये दाखवले गेले. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि जुलाब होऊन अंगातले पाणी आणखी कमी होते.

गैरसमज ६: कर्करोगावरची औषधे म्हणजे नुसते हाल.

मांजरांना दिली जाणारी केमोथेरपी माणसांपेक्षा सौम्य असते, कारण तिचा हेतू आजार समूळ काढण्यापेक्षा बरे दिवस वाढवण्याचा असतो. केस सहसा सगळे जात नाहीत. मिशा गळू शकतात. आतड्याच्या मंदगतीने वाढणाऱ्या लिम्फोमा या कर्करोगात घरी देता येणाऱ्या गोळ्यांवर अनेक मांजरे दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चांगली राहतात. जलद वाढणाऱ्या प्रकारात हे चित्र नसते. गाठीचा तुकडा किंवा पेशी तपासल्याशिवाय दोन्हींतला फरक कळत नाही.

गैरसमज ७: एक तर सगळे उपचार, नाही तर काहीच नाही.

यांच्या मधला मार्ग उपशामक उपचारांचा. आजार तसाच ठेवून वेदना, मळमळ, तहान आणि बद्धकोष्ठ यांचा बंदोबस्त करायचा. खाण्या-पिण्याची भांडी जवळ ठेवायची, ट्रेही जवळ आणि बुटक्या काठाचा ठेवायचा. पुण्याच्या खेपेने, टोपलीत कोंडल्याने आणि अनोळखी कुत्र्यांच्या आवाजाने मांजर दोन दिवस खाणेच सोडत असेल, तर तोही उपचाराचा खर्चच धरावा. पैशांची मर्यादा डॉक्टरांना आधीच सांगितली तर तपासण्यांचा क्रम त्याप्रमाणे लावता येतो. डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत: आजार बरा होणारा आहे, आटोक्यात राहणारा आहे की दोन्ही नाही? उपचाराने मांजराचा दिवस कसा जाईल? गुण किती दिवसांत दिसायला हवा? तो दिसला नाही तर पुढे काय? शेवटच्या दोन प्रश्नांमुळे उपचाराला मुदत मिळते. अमेरिकन पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी यासाठी वापरतात. वेदना, भूक, अंगातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण देतात. बेरीज ३५ च्या वर राहिली तर मांजराचे जगणे ठीक मानतात. दर आठवड्याला वहीत नोंद केली तर घसरण स्पष्ट दिसते.

गैरसमज ८: दयामरण बेकायदा आणि पाप आहे, नैसर्गिक मरण नेहमी शांत असते.

माणसांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या अरुणा शानभाग प्रकरणात आणि २०१८ च्या निकालात केवळ निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली. हा नियम प्राण्यांना लागू नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये असह्य यातनेतील प्राण्याचे जीवन संपवण्याची तरतूद आहे. गुन्हा आहे तो कलम ११ प्रमाणे अनावश्यक क्रूर रीतीने मारण्याचा आणि प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा ठिकाणी सोडून देण्याचा. आजारी मांजर पोत्यात घालून दूरच्या रानात सोडणे या दुसऱ्या प्रकारात मोडते.

मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे आणि तिच्यामुळे अनेक घरे शेवटपर्यंत थांबतात. पण मूत्रपिंडांच्या अखेरच्या टप्प्यात उलट्या, तोंडातले फोड आणि झटके असू शकतात. फुप्फुसाभोवती पाणी साठले तर श्वासासाठी धडपड होते. "मांजर आपणहून मरायला निघून जाते" हेही निवांतपणाचे लक्षण नाही. आजारी, अशक्त मांजर धोक्यापासून लपते. दयामरणात नोंदणीकृत पशुवैद्यक आधी गुंगीचे इंजेक्शन देतात आणि मांजर बेशुद्ध झाल्यावर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. बेशुद्धीमुळे पुढचे काही मांजराला जाणवत नाही. डोळे उघडे राहणे किंवा एखादा खोल श्वास येणे हे शुद्धीचे लक्षण नव्हे.

दयामरणासाठी दिलेल्या औषधाचा अंश मृत शरीरात बराच काळ टिकू शकतो आणि ते उकरून खाणाऱ्या कुत्र्या-कोल्ह्यांना व पक्ष्यांना विषबाधा होऊ शकते. त्यामुळे मृत मांजर उघड्यावर टाकू नये. ते विहीर, ओढा आणि धरणाकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेपासून दूर, मुळशीच्या पावसात माती वाहून जाणार नाही अशा उंचवट्यावर खोल खड्ड्यात पुरावे आणि वर दगड रचावेत.