स्नोकाइटिंग सुरू करायचंय? स्की जुनी चालेल, बूट मात्र मापाचेच हवेत!

संक्रांतीला गच्चीवर उभं राहून आपण पतंग ओढतो. स्नोकाइटिंगमध्ये सगळं उलटं असतं. इथे पतंग आपल्याला ओढतो!

पायात स्की किंवा स्नोबोर्ड, कमरेला मजबूत पट्टा, हातात एक दांडी आणि तिला जोडलेल्या साधारण २० मीटर लांबीच्या दोऱ्या. दोऱ्यांच्या टोकाला मोठा कापडी पतंग. वारा आला की पतंग भरतो आणि आपण गोठलेल्या तळ्यावरून किंवा बर्फाच्या पठारावरून सरसर निघतो. स्कीइंगसाठी उतार लागतो, वर नेणारी लिफ्ट लागते आणि लिफ्टचं तिकीटही लागतं. इथे वारा असला की सपाटीवर काय, चढावरसुद्धा जाता येतं.

या खेळासाठी नॉर्वेतलं हार्डांगरविडा हे पठार प्रसिद्ध आहे. ओस्लो ते बर्गन रेल्वेने जाताना हाउगास्टोल नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथे उतरलं की झाडं नसलेला, लांबच लांब पांढरा माळ समोर येतो. इटलीच्या उत्तर टोकाला असलेला रेशन तलावही असाच लोकप्रिय आहे. १९५० मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातल्या चर्चचा मनोरा आजही तिथे पाण्यातून वर डोकावतो, आणि हिवाळ्यात गोठलेल्या तलावावर त्याच्या आसपास रंगीत पतंग दिसतात. अमेरिकेत मिनेसोटाची गोठलेली तळी आहेतच.

आज अनेक मराठी घरांतली मुलं शिक्षणासाठी, नोकरीसाठी अशा थंड देशांत राहतात. तिथला लांबलचक हिवाळा घरात बसून काढण्यापेक्षा काहीतरी शिकावं असं त्यांना वाटतं. पण दुकानात नव्या स्कीची किंमत बघितली की उत्साह तिथेच गोठतो! म्हणूनच आज बघूया, सुरुवात कमी खर्चात कशी करायची, आणि त्याहून महत्त्वाचं, कुठे पैसे वाचवायचे नाहीत.

जुन्या स्कीवर काम का भागतं?

महागड्या स्कीचे बरेचसे गुण उभ्या उतारासाठी असतात. वेगात पटापट वळणं घ्यायची, कडक बर्फावर घसरायचं नाही, यासाठी त्या बनवलेल्या असतात. स्नोकाइटिंग शिकताना आपण बहुतेक वेळ सपाट किंवा हलक्या उतारावर लांब सरळ रेषेत जातो. पतंग एका बाजूला ओढतो आणि आपण स्कीची धातूची धार बर्फात रुतवून त्या ओढीला विरोध करतो. म्हणजे खरं काम धारेचं असतं. धार शाबूत असेल आणि तळ बरा असेल, तर काही वर्षं वापरलेली साधी स्कीसुद्धा हे काम व्यवस्थित करते. खास स्नोकाइटिंगसाठीच बनवलेली स्की सुरुवातीला अजिबात लागत नाही.

स्की घ्यावी की स्नोबोर्ड?

याचं सोपं उत्तर असं: तुमच्या पायांना जे आधीपासून येतं, तेच घ्या. पतंग सांभाळणं हेच नवं आणि अवघड काम आहे. त्याच वेळी पायांनाही नवं काही शिकवायला गेलात तर दोन्हीकडे गोंधळ होतो.

दोन्ही येत नसेल तर स्की बरी. त्याची कारणं अशी:

• स्कीवर तुम्ही समोर तोंड करून आरामात उभे राहू शकता. पतंग वर घेईपर्यंत तोल सांभाळणं सोपं जातं. बोर्डवर दोन्ही पाय बांधलेले असतात, त्यामुळे सुरुवातीला बराच वेळ बर्फावर बसूनच जातो.

• वारा कमी असला तरी स्की घसरत राहते. बोर्डला जरा जास्त ओढ लागते.

• वारा पडला तर स्कीवर पाय सरकवत परत येता येतं. बोर्ड असेल तर तो काढून काखेत घ्यायचा आणि चालत निघायचं!

• दिशा बदलणं स्कीवर लवकर जमतं.

मग बोर्ड कुणी घ्यावा? ज्यांना स्नोबोर्डिंग येतं किंवा ज्यांनी समुद्रावर काइटबोर्डिंग केलं आहे, त्यांना बोर्ड जास्त ओळखीचा वाटेल. बोर्डचे बूटही मऊ असतात, चालायला सोपे. ताज्या, भुसभुशीत बर्फावर बोर्डची मजा काही औरच असते.

स्की निवडताना

लांबी: स्की उभी धरली की तिचं टोक तुमच्या हनुवटी आणि कपाळाच्या दरम्यान यायला हवं. उंची १७० सेंटिमीटर असेल तर साधारण १५५ ते १६५ सेंटिमीटरची स्की पुरते. लांब स्की वेगात स्थिर राहते, पण शिकणाऱ्याला वळवायला जड जाते.

रुंदी: पायाखाली स्की किती रुंद आहे ते मिलिमीटरमध्ये सांगतात. ८० ते ९५ मिलिमीटरची स्की सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालते. तुमच्याकडे मुख्यतः गोठलेली कडक तळीच असतील तर ७० ते ८० मिलिमीटरची अरुंद स्की धार चांगली धरते. खोल, मऊ बर्फासाठी १०० मिलिमीटरच्या वरची स्की लागते, पण ती पहिली म्हणून नको.

टोकं: दोन्ही टोकं वर वळलेली स्की मिळाली तर उत्तम. चुकून मागे घसरलात तरी शेपूट बर्फात रुतत नाही.

एका मोहापासून मात्र सावध राहा. नॉर्वे किंवा कॅनडात क्रॉस-कंट्री स्की जुन्या बाजारात भरपूर असतात आणि स्वस्तही मिळतात. त्या चिंचोळ्या असतात, टाच मोकळी राहते आणि बऱ्याच जोड्यांना धातूची धारच नसते. नॉर्वेचे बोर्गे औसलँड यांनी १९९६-९७ मध्ये एकट्याने अंटार्क्टिका पार केलं, तेव्हा त्यांनी स्कीसोबत वाऱ्याचीही मदत घेतली होती. पण ते मुरलेले ध्रुवप्रवासी! नवशिक्याला टाच घट्ट बसणारी, उतारावरची साधी स्कीच हवी.

बोर्ड निवडताना

बोर्डही उभा धरून बघा. टोक हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान असावं. पहिला बोर्ड थोडा लवचिक असलेला बरा, फार कडक नको. पाय मोठे असतील तर रुंद बोर्ड घ्या, नाहीतर बुटाची टोकं बाहेर येऊन बर्फाला घासतात आणि पाडतात. जुना बोर्ड घेताना त्यावर तुमचं बाइंडिंग, म्हणजे बूट पकडून ठेवणारा भाग, बसतो का ते आधी तपासा. सगळ्या बोर्डांवर स्क्रूची भोकं एकसारखी नसतात. स्वस्तात मिळालेल्या बोर्डला बसणारं बाइंडिंगच सापडलं नाही तर तो भिंतीवर लावण्यापुरताच उरतो.

जुनी जोडी अशी तपासा

• वरच्या रंगावरचे ओरखडे सोडून द्या. त्याने काही बिघडत नाही. पण त्याच मुद्द्यावर किंमत मात्र जरूर कमी करून घ्या!

• तळ पालथा करून बघा. छोटे चरे भरून येतात. आतलं लाकूड दिसेल इतका खोल खड्डा असेल तर नको.

• धारेवरून नजर फिरवा. हलका गंज घासून जातो. धार तुटलेली, बाहेर आलेली किंवा घासून घासून अगदी बारीक झालेली असेल तर परत ठेवा.

• टोकाजवळ आणि शेपटीजवळ थर सुटलेत का ते बघा. पाणी आत शिरलं की ती स्की टिकत नाही.

• डोळ्यासमोर आडवी धरून लांबीच्या दिशेने बघा. पीळ पडलेला लगेच दिसतो.

• बाइंडिंगच्या आसपास जुनी भोकं किती आहेत ते मोजा. दोन-तीनदा जागा बदललेली असेल तर स्क्रूची पकड कमी झालेली असू शकते.

इथे काटकसर नको

बूट: बजेटमधला मोठा वाटा इथे घाला. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे सेंटिमीटरमध्ये पायाची लांबी. घरी भिंतीला टाच लावून पाय मोजा आणि मगच दुकानात जा. बूट ढिला असेल तर पाय वळतो पण स्की वळत नाही. 'जाड मोजे घालू' म्हणून मोठा बूट घेऊ नका. फार जुने बूटही टाळा. त्यांचं प्लास्टिक कालांतराने ठिसूळ होतं आणि थंडीत तडकू शकतं.

बाइंडिंग: जोरात पडल्यावर स्की पायातून सुटली पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. हे सुटणं किती जोरावर व्हावं ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमचं कौशल्य यावर ठरतं. हे काम दुकानातच करून घ्या. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. फार जुन्या मॉडेलच्या बाइंडिंगला दुकानदार हात लावत नाहीत, म्हणून स्की विकत घेण्याआधीच विचारा. स्नोबोर्डचं बाइंडिंग सहसा असं आपोआप सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

हेल्मेट: नवीनच घ्या. जुन्याला आधी किती मार बसलाय ते बाहेरून कळत नाही.

पतंग आणि शिकवणी: एका झटक्यात ओढ सोडून देणारी सुरक्षा व्यवस्था चालू स्थितीत नसेल, तर फुकट मिळालेला पतंगही महागात पडतो. पहिले धडे प्रशिक्षकाकडेच घ्या.

स्वस्तात मिळणार कुठे?

आधी भाड्याने घेऊन बघा. समजा, दहा दिवसांच्या भाड्यात जुनी जोडी येत असेल आणि तुम्ही वर्षात तीनच दिवस जाणार असाल, तर भाडंच परवडतं.

विकत घ्यायचं ठरलं तर हंगाम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये जा. भाड्याने देणारी दुकानं तेव्हा आपला जुना माल काढतात. त्या स्कीचं बाइंडिंग अनेक मापांच्या बुटांना जुळवता येईल असं असतं, त्यामुळे घरात दोघांनी एकच जोडी आळीपाळीने वापरायची असेल तर हा सौदा झकास. अमेरिका-कॅनडात हिवाळ्याआधी जुन्या क्रीडासाहित्याचे बाजार भरतात, तिथेही नजर ठेवा. नॉर्वेत तर अनेक गावांत 'बुआ' नावाची केंद्रं आहेत. ती मुख्यतः मुलांना डोळ्यासमोर ठेवून क्रीडासाहित्य मोफत वापरायला देतात. नाव ऐकून हिंदी घरांतली लाडकी आत्या आठवली तर नवल नाही!

भारतात राहून तयारी करता येईल?

हो, आणि हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. स्नोकाइटिंगचे दोन भाग वेगवेगळे शिकता येतात. पायांचा भाग म्हणजे स्कीइंग. गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आणि मनालीची पर्वतारोहण संस्था स्कीइंगचे प्राथमिक अभ्यासक्रम घेतात. उत्तराखंडातल्या औलीलाही स्की शिकता येते. हातांचा भाग म्हणजे पतंग. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग चालतं. सुरुवातीला २ ते ३ चौरस मीटरच्या छोट्या सरावी पतंगावर वाळूत उभं राहून हात बसवता येतो. हे दोन्ही आधीच झालं असेल, तर परदेशातले महागडे शिकवणीचे काही दिवस वाचू शकतील.

वाऱ्याचं गणित विसरू नका

ताशी १५ किलोमीटरचा वारा ताशी ३० झाला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. शिवाय थंड हवा घन असते. त्याच उंचीवर उणे २० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के जड भरते, म्हणजे तेवढीच जास्त ओढ. त्यातच बर्फावर पाण्यापेक्षा घर्षण कमी. म्हणून समुद्रावर वापरता त्यापेक्षा बर्फावर लहान पतंग लागतो.

तळ्यावर उतरण्याआधी बर्फाची जाडी स्थानिकांना विचारा. मिनेसोटाचा निसर्गसंपदा विभाग नुसतं चालण्यासाठीसुद्धा नव्या, स्वच्छ बर्फाची किमान ४ इंच जाडी सांगतो, आणि पांढरट बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट. विजेच्या तारा, झाडं, रस्ते यांच्यापासून लांब राहा आणि एकटे कधीच जाऊ नका. लहान मुलांना आधी नुसती स्की शिकू द्या, पतंग नंतर.

थोडक्यात, पहिल्या हंगामाचा खर्च असा लावा

१. प्रशिक्षकाचे धडे
२. मापाचे बूट आणि नवीन हेल्मेट
३. दुकानातून जुळवून घेतलेलं बाइंडिंग
४. उरलेल्या पैशांत जी बरी मिळेल ती जुनी स्की किंवा बोर्ड

बरेच जण ही यादी खालून वर वाचतात. चकचकीत स्की आधी घेतात, मग बूट मित्राचे आणि शिकवणी व्हिडिओ बघून! तुम्ही मात्र वरून सुरुवात करा. पुढच्या हंगामात नवी स्की घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या. तोवर तुम्हाला नेमकी कशी हवी, हे तुमचे पायच सांगतील.