आजींचा हत्ती दिल्ली-जयपूर पाहून आला

प्रवासाची बॅग भरताना तुमच्याही घरी असंच होतं का हो? आपण मोजूनमापून कपडे, औषधं, दशम्या-चटणी भरावी, आणि अगदी निघताना पोरांनी एखादं मळकं अस्वल आणून वर कोंबावं! "ठेव ते घरी," असं मी आजवर कितीदा म्हटलं असेल. गेल्या हिवाळ्यापासून मात्र म्हणत नाही. का, ते सांगते.

सांगलीहून दिल्ली आणि जयपूरची आमची सहल ठरली होती. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई अशी पाच तिकिटं काढली होती. खरं म्हणजे सहल त्यांच्यासाठीच होती. घरातल्या गोतावळ्यातून त्यांना कधी बाहेर पडता आलं नाही. पंढरपूर, कोल्हापूर, नरसोबाची वाडी, एवढंच त्यांचं जग. आणि निघायला तीन आठवडे असताना त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सहल रद्द करायची असं मी ठरवूनही टाकलं, पण त्या ऐकेनात. "माझ्यापायी पोरांचा हिरमोड नको," म्हणून त्यांनी लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला, राहायला बोलावून घेतलं. तरी माझं मन खाईच. आपण मजा करायची आणि त्यांनी छताकडे बघत पडायचं?

तोडगा काढला सात वर्षांच्या मनीनं. आजीनं आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा एक हत्ती तिला शिवून दिला होता. "आजीऐवजी हत्ती येईल. तो सगळं बघेल आणि रोज रात्री आजीला दाखवेल." हे हसले. मला मात्र लाज वाटली. थोडे तास का होईना, मी शाळेत शिकवते. चार माणसांत कापडी हत्तीचे फोटो काढत हिंडायचं?

पण मैत्रिणींनो, हे काही जगावेगळं नाही बरं का! जपानमध्ये टोकियो शहरात सोनोए आझुमा नावाच्या बाईंनी २०१० साली 'उनागी ट्रॅव्हल' ही सहल कंपनी काढली, ती केवळ खेळण्यांसाठी! लोक आपलं कापडी अस्वल नाहीतर ससा टपालानं पाठवत. बाई त्यांची टोळी घेऊन असाकुसाचं जुनं देऊळ, मेइजी मंदिर, टोकियो टॉवर दाखवत आणि फोटो मालकांना पाठवत. हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण ही खेळणी पाठवणाऱ्यांमध्ये आजारी, अपंग, घराबाहेर पडू न शकणारी माणसंही होती हे वाचलं, आणि हसू थांबलं.

लंडनचं पॅडिंग्टन अस्वल तर मुलांच्या पुस्तकांतून जगभर गेलं. लेखक मायकेल बाँड यांनी १९५६ च्या नाताळात दुकानात एकटंच उरलेलं एक खेळण्यातलं अस्वल बायकोसाठी घेतलं. त्यावरूनच १९५८ मध्ये त्यांचं पहिलं पुस्तक निघालं. त्या अस्वलाच्या गळ्यात एक चिठ्ठी असते. महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीनं लंडनची मुलं आगगाडीनं खेड्यांत पाठवली गेली, तेव्हा त्यांच्या गळ्यांत नावाच्या चिठ्ठ्या अडकवल्या होत्या. ते दृश्य बाँड विसरले नव्हते. आई म्हणून हे वाचताना माझ्या पोटात कालवलं. आज पॅडिंग्टन स्टेशनावर त्या अस्वलाचा पुतळा आहे.

तर आमचा हत्ती निघाला. दिल्लीत पहिला मान कुतुबमिनारला. ७२.५ मीटर उंच, आत ३७९ पायऱ्या. पायथ्याशी हत्तीला हातावर धरून फोटो काढला आणि मोबाइलवर घरी पाठवला. लगेच सासूबाईंचा फोन. "वर चढलात का गं?" मी म्हटलं, "नाही हो आई. १९८१ साली आत चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून दार बंद आहे." त्या म्हणाल्या, "म्हणजे मी आले असते तरी खालूनच बघितलं असतं. मग माझं काही चुकलं नाही!" कितीतरी दिवसांनी त्यांचं हसू ऐकलं.

दुसऱ्या दिवशी व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ मध्ये सुरू केलेलं बाहुल्यांचं संग्रहालय पाहिलं. तिथं यांनी मुलांना एका हत्तिणीची गोष्ट सांगितली. युद्धाच्या काळात टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती गेले. मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहून हत्ती मागितला. नेहरूंनी १९४९ मध्ये एक हत्तीण पाठवली आणि तिला आपल्या लेकीचं नाव दिलं, इंदिरा! मनीनं ती गोष्ट हत्तीच्या कानात पुन्हा सांगितली.

मग जयपूर. हवामहालासमोर मात्र मी स्वतःच हत्ती हातात घेतला. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधलेली ही पाच मजली इमारत. तिला ९५३ लहान लहान खिडक्या आहेत. त्या कशासाठी? पडद्यातल्या राजस्त्रियांना रस्त्यावरची वर्दळ, मिरवणुका दिसाव्यात, पण त्या स्वतः कुणाला दिसू नयेत, म्हणून. आतून वरच्या मजल्यांवर जायला पायऱ्यांऐवजी उतरणी आहेत. एका जाळीशी हत्तीला टेकवायला गेले, पण मनात आलं, जुना दगड, नकोच, हातातच धरला. तिथून खालचा बाजार बघताना एकदम घरची आठवण झाली. बाई महालातली असो की सांगलीतली, तिनं जग असं फटीतूनच किती दिवस बघायचं? त्या दिवशी मी एक नाही, अकरा फोटो पाठवले. लाजबीज कुठं गेली कोण जाणे!

आणि निघायच्या दिवशी हत्ती हरवला. बॅगा खाली उतरल्या, रिक्षा आली आणि मनीनं भोकाड पसरलं. माझे हातपाय गार पडले. घरी काय तोंड दाखवू? चूक माझीच. घाईघाईत पलंगावरच्या चादरी मी गोळा करून ठेवल्या होत्या, त्यातच तो गुंडाळला गेला होता. धुलाईच्या ढिगातून शोधून काढला तेव्हा जीव भांड्यात पडला.

तुमच्याही मुलांचा असा सोबती असेल, तर अनुभवाचे चार बोल:

• खेळणं वीतभरच असावं. मोठं ओझं शेवटी आपल्याच काखेत येतं.

• पोटाच्या शिवणीत फितीचा तुकडा टाचून त्यावर मोबाइल नंबर लिहावा. लहान मुलांसाठी डोळे बटणांचे नकोत, दोऱ्याचे भरावेत.

• खोली सोडण्याआधी चादरी, उशांचे अभ्रे झटकून बघावेत.

• देवळात, संग्रहालयात खेळण्याचा फोटो काढण्याआधी विचारावं. जुन्या वास्तूच्या कठड्यावर ते ठेवू नये.

• घरी आल्यावर गार पाण्यात सौम्य साबणानं धुवावं, पंचात दाबून पाणी टिपावं आणि वाऱ्यावर पूर्ण वाळवावं. आत कापूस ओला राहिला तर कुबट वास येतो.

आता शेवटचं सांगते. डॉक्टरांनी सासूबाईंना वॉकर धरून चालायला सांगितलं होतं, पण पुन्हा पडायच्या भीतीनं त्या पलंग सोडत नव्हत्या. हवामहालाचे फोटो गेले, त्याच संध्याकाळी त्या नणंदेला म्हणाल्या, "मला जरा खिडकीपाशी ने." सात पावलं चालल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हत्तीमुळे पाय बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो ऑपरेशननं आणि रोजच्या व्यायामानं सुधारला. पण उठावंसं वाटायला काहीतरी निमित्त लागतं, एवढं खरं.

आता त्या काठी टेकत कोपऱ्यापर्यंत जातात. हत्तीचा फाटलेला कान त्यांनी परवाच शिवला. म्हणतात, "पुढच्या खेपेला याला मी नेणार. तुम्ही फक्त माझी बॅग धरा!"