सातबारा उघडा होता, म्हणून विकणारा सुटतो का?

छत्रपती संभाजीनगरात सातारा-देवळाई, पडेगाव, मिसारवाडी अशा भागांत हजारो कुटुंबांनी गुंठेवारीत प्लॉट घेतले. त्यांतले कितीतरी व्यवहार साध्या बाँडपेपरवर झाले. ‘एनए झालंय, सातबारा एकट्याच्या नावावर आहे’ या शब्दावर पैसे मोजले गेले. पुढे फेरफारात भावाबहिणींची नावे निघाली किंवा विकास आराखड्यातले आरक्षण निघाले, की घेणाऱ्यालाच सुनावले जाते : कागद तलाठ्याकडे उघडे होते, बघितले का नाहीस? हा प्रश्न वरवर शहाणपणाचा वाटतो, पण त्यामुळे दोष चुकीच्या माणसावर जातो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, घेणाऱ्याला साध्या काळजीने कळणार नाही असा जमिनीतला किंवा मालकीतला दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने स्वतःहून सांगायचा असतो. दडवणे म्हणजे लबाडी, असे ते कलमच म्हणते. भारतीय करार अधिनियम, 1872 त्यापुढे जातो. चुकीच्या माहितीवर संमती दिली असेल, तर फसलेला माणूस करार रद्द करू शकतो. किंवा करार कायम ठेवून, सांगितलेले खरे असते तर आपण जिथे असतो तिथे आपल्याला आणून ठेवा, अशी मागणीही करू शकतो. ‘बघितले का नाहीस’ हा आक्षेप कलम 19 च्या अपवादातून येतो : साध्या चौकशीने सत्य कळण्यासारखे असेल, तर करार रद्द होत नाही. पण हा अपवाद भाबडेपणाने दिलेल्या चुकीच्या माहितीला आणि लबाडीच्या मौनाला लागतो. जाणूनबुजून तोंडाने खोटे सांगणाऱ्याला त्याची ढाल मिळत नाही. न्यायाचे खरे मर्म मला इथेच दिसते. विश्वास ठेवणे हा गुन्हा नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गुंठेवारी आहे हे माहीत असूनच लोक स्वस्तात घेतात, मग फसवणूक कसली? हे अर्धे मान्य करायला हवे. जी उणीव माहीत होती तिच्यावर दावा उभा राहत नाही. परंतु तुकडा बेकायदा आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि विकणाऱ्याचा हिस्साच नाही हे ठाऊक असणे वेगळे. 2001 च्या गुंठेवारी कायद्यातली नियमितीकरणाच्या पात्रतेची तारीख 2021 मध्ये 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढवली गेली. पण नियमितीकरणाने मालकीचा वाद मिटत नाही. शुल्क भरलेल्या घरावरही सहहिस्सेदार दावा लावू शकतो.

खरी अडचण पुराव्याची असते. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. बाँडपेपरने मालकी येत नाही, मात्र करारपूर्तीच्या दाव्यात तो कराराचा पुरावा म्हणून पुढे करता येतो. म्हणून ‘बोजा नाही, वाटणी झालेली आहे, एनए आदेश अमुक तारखेचा’ ही वाक्ये इसारपावतीतच लिहून घ्यावीत. मोठा ले-आउट असेल आणि माहिती जाहिरातीत दिली असेल, तर 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 12 व्याजासह पैसे परत मागू देते. करार रद्द करून मागायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षे मिळतात. त्यामुळे महापालिकेची नोटीस किंवा तहसीलचे उत्तर कोणत्या तारखेला हातात पडले, याचा कागद जपायला हवा. करारपूर्तीचा दावा लावताना इसाराच्या परताव्याची मागणी वेगळी लिहून घ्यावी, कारण न मागितलेला इसार न्यायालय देत नाही.