जीपीएसचे सायकलयंत्र घ्यावे काय?

पहाटे साडेपाचच्या सुमारास न्यू टाउनच्या विश्वबांगला सरणीवर जाऊन उभे राहिले, म्हणजे या नव्या नगरीचे एक निराळेच रूप दृष्टीस पडते. दिवसा मोटारींनी गजबजणारा हा राजरस्ता त्या वेळी सायकलस्वारांच्या स्वाधीन असतो. त्यांत दूध पोचविणारे असतात, रात्रपाळी आटोपून घरी परतणारे पहारेकरी असतात, डॉक्टरांच्या आज्ञेवरून घराबाहेर पडलेले माझ्यासारखे पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ असतात आणि डोक्याला हेल्मेट बांधून वाऱ्याशी शर्यत लावणारे तरुणही असतात. या तरुणांच्या सायकलींच्या हँडलवर काड्यापेटीपेक्षा थोडे मोठे असे एक चपटे यंत्र बसविलेले असते व त्याच्या पडद्यावर आकडे सारखे बदलत असतात. हेच ते जीपीएस सायकल कॉम्प्युटर. ते विकत घ्यावे की न घ्यावे, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात उभा राहिला आणि चांगले तीन महिने तो जेवणाच्या वेळी ताटाशेजारी बसून राहिला.

चिरंजीवांना नुकतीच सेक्टर फाइव्हमध्ये नोकरी लागली होती. कचेरीत ते सायकलनेच जात. हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे पुरी करावयाची, असा त्यांचा संकल्प होता. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत पार पाडावयाचे व वाटेतील नाक्यांवर आपल्या कार्डावर नोंद करून घ्यावयाची. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ६०० किलोमीटरला ४०. या प्रकारातील काशीयात्रा म्हणजे फ्रान्समधील पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरची फेरी. ती ९० तासांत पुरी करावी लागते आणि १८९१ पासून ती चालत आली आहे. एवढ्या दूरच्या वाटेवर मार्गदर्शक यंत्र हवेच, असे चिरंजीवांचे म्हणणे होते. त्यांनी पसंत केलेल्या यंत्राची किंमत होती छत्तीस हजार रुपये, आणि ज्या सायकलीवर ते बसवावयाचे तिची बावीस हजार! “चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” असे म्हणून सौभाग्यवतींनी वरणाची वाटी पुढे सरकविली, आणि पहिल्या दिवशीची चर्चा तेथेच संपली.

येथे न्यू टाउनविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण गाव कसे आहे यावर यंत्राची उपयुक्तता बरीचशी अवलंबून असते. कोलकात्याच्या पूर्वेस राजारहाटच्या शेतजमिनीवर व पाणथळीवर ही नगरी वसविण्यात आली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या हिडको या सरकारी महामंडळाने तिची उभारणी केली. जुन्या कोलकात्यात सायकलस्वाराची कुचंबणा फार. २०१३ साली तेथील पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलींना मज्जाव केला होता. पुढे लोकांनी ओरड केल्यावर ही संख्या कमी झाली. न्यू टाउनमध्ये मात्र रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळे पट्टे आखलेले आहेत, आणि सुमारे ४८० एकरांवर पसरलेल्या इको पार्कच्या आसपास सकाळी निर्धास्तपणे फिरता येते. दुसरी गोष्ट अशी की, येथील भूमी तळहातासारखी सपाट आहे. पुण्याच्या सायकलस्वाराला सिंहगडाचा चढ किती चढलो हे जाणून घेण्याची हौस असते; आम्हां न्यू टाउनवासीयांच्या वाट्याला एखाद्या उड्डाणपुलापलीकडे चढ येत नाही. म्हणजे यंत्राच्या किमतीत जो उंची सांगण्याचा गुण मोजून घेतलेला असतो, तो येथे जवळजवळ वाया जातो.

निर्णय घाईने घेऊ नये म्हणून आम्ही एक तोड काढली. चिरंजीवांच्या एका सहकाऱ्याचे यंत्र महिनाभर उसने आणले. माझ्या सायकलीला हजार रुपयांच्या आतले साधे चुंबकाचे यंत्र होतेच. तिसरा स्पर्धक म्हणजे खिशातला मोबाईल. या तिघांना रोज एकाच वाटेवर पळविण्याचे ठरले.

साध्या यंत्राची करामत अगदी सोपी आहे. पुढच्या चाकाच्या तारेला एक लहानसा चुंबक बसविलेला असतो. चाकाचा एक फेरा झाला की तो फोर्कवरील कळीसमोरून जातो आणि यंत्र एक फेरा मोजते. फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणले की अंतर मिळते. अमेरिकेतील कर्टिस व्हीडर याने १८९५ मध्ये जे सायक्लोमीटर बनविले, त्याचे तत्त्व हेच, फक्त तेथे चुंबकाऐवजी दंतचक्रे होती. आणि त्याच्याही आधी भूमापन करणारे लोक चाकाला दांडा लावून ते रस्त्यावरून ढकलत नेत व असेच कोस मोजीत. मापनाचा विषय निघाला म्हणून सांगतो: कोलकात्याच्या बराकपूर ट्रंक रोडवर १८३१ च्या सुमारास त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजण्यात आली होती आणि त्या रेषेच्या टोकांचे दोन मनोरे आजही उभे आहेत. त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असेल, कोण जाणे!

चुंबकाच्या यंत्रात परिघाचा आकडा आपण भरावयाचा असतो, आणि तेथेच बहुतेकांची चूक होते. पुस्तिकेतील आकडा डोळे मिटून भरू नये. चाकात नेहमीइतकी हवा भरावी, टायरवर खडूची खूण करावी, सायकलवर बसून दुसऱ्याच्या मदतीने बरोबर एक फेरा पुढे जावे आणि जमिनीवरील दोन खुणांमधले अंतर फितीने मोजावे. २१० सेंटीमीटरच्या जागी २०८ लिहिले गेले, तर शंभर किलोमीटरमागे जवळजवळ एक किलोमीटर हरवतो. ही दहा मिनिटांची मेहनत घेतली, तर हजार रुपयांचे यंत्र अंतराच्या बाबतीत कोणालाही हार जात नाही.

जीपीएसचे काम निराळे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह आपल्या अणुघड्याळातील वेळ सतत प्रक्षेपित करीत असतात. संदेश येण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते. प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या या संदेशात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात तीनशे मीटरांचा फरक पडतो. म्हणून यंत्रातील स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी तीनांऐवजी निदान चार उपग्रह दिसावे लागतात. अमेरिकेने या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला. सामान्य नागरिकांसाठी संदेशात मुद्दाम मिसळण्यात येणारी अशुद्धता मे २००० मध्ये बंद झाली आणि तेव्हापासून ही विद्या घरोघर पोचली. आपल्या देशानेही २०१३ पासून स्वतःचे उपग्रह सोडण्यास आरंभ केला व २०१६ मध्ये या मालिकेस ‘नाविक’ असे नाव दिले.

आता आमच्या महिनाभराच्या परीक्षेकडे वळू. मोकळ्या रस्त्यावर तिन्ही यंत्रांचे एकमत होते. बारा किलोमीटरच्या फेरीत शंभर मीटरांहून अधिक फरक क्वचितच पडला. परंतु उंच इमारतींच्या गल्लीत शिरल्यावर उपग्रहवाल्यांची त्रेधा उडाली. भिंतींवर आपटून येणारे संदेश लांबचा रस्ता धरतात, त्यामुळे यंत्राची फसगत होते. घरी येऊन नकाशा पाहिला, तर आम्ही दोन सदनिकांच्या आरपार आणि एका तळ्यावरून सायकल हाकल्याचे दिसले! मेट्रोच्या उन्नत मार्गाखालून जाताना अर्धे आकाश झाकले जाते. तेथेही रेघ वाकडी झाली. चाकाचा फेरा मोजणाऱ्या गरीब यंत्राला यांपैकी कशाचीच बाधा झाली नाही.

उंचीची गंमत तर सांगण्यासारखी आहे. उपग्रहांवरून काढलेली उंची फारशी भरवशाची नसते, म्हणून महागड्या यंत्रांत हवेचा दाब मोजणारा भाग असतो. दाब एक मिलिबार बदलला की सुमारे आठ मीटर उंची बदलली, असे ते समजते. एका संध्याकाळी कालबैशाखीचे वादळ आले. अशा वादळात दाब एकाएकी चढतो. गॅलरीत उभ्या असलेल्या सायकलीवरील यंत्र चालूच राहिले होते. त्याने आम्हांला घरबसल्या समुद्रसपाटीच्या खाली नेऊन सोडले. सौभाग्यवतींना ही बातमी सांगताच त्या म्हणाल्या, “छत्तीस हजारांत एवढे तरी दिसलेच पाहिजे!”

एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सायकल चालविण्याचा सल्ला मला मिळाला होता तो रक्तदाबासाठी. रोज अर्धापाऊण तास, श्वास न कोंडता, एवढीच आज्ञा. उसने यंत्र हाती आल्यावर सरासरी वेग वीसच्या वर नेण्याचा मोह मला पडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात, हवेत ओल इतकी की घाम वाळण्याचे नाव नाही, अशा सकाळी मी आकड्याकडे पाहत पाय मारीत राहिलो. इको पार्कच्या फाटकाजवळ डोळ्यांपुढे अंधारी आली. पदपथावर बसलो, एका चहावाल्याने पाणी दिले, अर्ध्या तासाने चालत घरी आलो. यंत्रात हृदयाचे ठोके दाखविण्याची सोय होती, पण त्यासाठी छातीला बांधावयाचा पट्टा आम्ही उसना आणला नव्हता. आणला असता तरी त्या वेळी मी तो आकडा पाहिला असता की वेगाचा, याची मला खात्री नाही. त्यानंतर माझ्यापुरता निकाल लागला.

मग मोबाईलच का नको? रोजच्या कचेरीच्या वाटेला तो पुरतो. वाट नोंदविणारी ॲप फुकट मिळतात. पण पडदा सतत उजळ ठेवला तर बॅटरी काही तासांतच मान टाकते, पावसात ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही, आणि कडक उन्हात फोन तापून बंद पडतो. हादऱ्यांचाही प्रश्न आहे. मोटारसायकलीच्या जोरदार कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यास इजा होऊ शकते, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिला होता. सायकलीचे हादरे तितके नसले, तरी खडबडीत रस्त्यावर फोन हँडलला बांधण्याऐवजी खिशात ठेवलेला बरा.

आणखी एका गोष्टीकडे कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे. ही यंत्रे व ॲप आपली वाट जगापुढे मांडतात. स्ट्राव्हा या कंपनीने २०१७ मध्ये सायकलस्वारांच्या व धावणाऱ्यांच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा दोन-तीन महिन्यांतच त्यावरून लष्करी तळांच्या जागा ओळखता येतात असे उघडकीस आले. मग आपली मुलगी रोज किती वाजता कोणत्या फाटकातून निघते, हे ओळखणे अवघड नाही. घराभोवतालचा भाग लपविण्याची सोय सेटिंगमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी लावावी.

चिरंजीवांचे पारडे जड झाले ते ऑक्टोबरात. दोघा मित्रांसह ते शक्तिगडास जाऊन यावयास निघाले. जाण्यायेण्याचे मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, जुन्या ग्रँड ट्रंक रोडने, आणि परतताना शक्तिगडचा प्रसिद्ध लांगचा घेऊन यावयाचा. यंत्र तोवर परत केलेले होते, म्हणून वाट मोबाईलवर. जाताना आदिसप्तग्रामजवळ फोन बंद पडला, गप्पांच्या नादात कालन्याकडे जाणारा रस्ता धरला गेला आणि ही चूक आठ किलोमीटरनंतर उमगली. म्हणजे सोळा किलोमीटर फुकट गेले. परतीच्या वाटेवर अंधार पडला. एकाच्या सायकलीला मागचा दिवा नव्हता. त्याला मध्ये घेऊन तिघे ट्रकांच्या रस्त्याने रात्री साडेदहाला घरी पोचले. तोपर्यंत घरातल्या दोघांनी जेवण केले नव्हते.

“बाबा, यंत्र असते तर वाट चुकली नसती,” हे चिरंजीवांचे म्हणणे खरे होते. वळण चुकल्याबरोबर ते कर्कश आवाज करते, पंधरा-वीस तास चालते, पावसाला भीत नाही. मीही एक गोष्ट सांगितली. कलकत्त्याहून १९२६ मध्ये विमल मुखर्जी तीन सोबत्यांसह सायकलवरून जगप्रवासास निघाले आणि १९३७ मध्ये परतले. मुंबईच्या पारशी तरुणांनी तर १९२३ मध्येच प्रस्थान ठेवले होते. त्यांच्याजवळ कोणता उपग्रह होता? यावर चिरंजीवांनी पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचे नाव पुढे केले. विसाव्या वर्षी जगप्रदक्षिणेस निघून, २९,००० किलोमीटर पुरे करीत त्या डिसेंबर २०१८ मध्ये पहाटेच्या वेळी येऊन पोचल्या त्या कोलकात्यातच. आणि अशा विक्रमाला आज वाटेची उपग्रहीय नोंद पुरावा म्हणून लागते. मी निरुत्तर झालो, हे कबूल करावयास हरकत नाही.

अखेर हिशेब मांडला तो सौभाग्यवतींनी. आधी पुढचा-मागचा चांगला दिवा, नवे हेल्मेट, ब्रेकचे नवे गुटके आणि भक्कम कुलूप. उरलेल्या पैशांत यंत्र. या नियमाने छत्तीस हजारांचे यंत्र बाद झाले. आठ हजारांच्या आत एक मिळाले. त्यात रंगीत नकाशा नाही, पण आखून दिलेल्या वाटेची रेघ दिसते व चुकल्यास ते इशारा देते. विकत घेताना दुरुस्ती कोलकात्यात होते काय आणि आतली बॅटरी बदलून मिळते काय, हे आम्ही विचारून घेतले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तेव्हा चार-पाच वर्षांचाच हिशेब धरला.

डिसेंबरातली ब्रेव्हे चिरंजीवांनी बारा तास चाळीस मिनिटांत पुरी केली. माझ्या सायकलीवर चुंबकाचे यंत्रच आहे. गेल्या महिन्यात त्याचा सेल बदलला, चाळीस रुपये पडले. वेगाच्या आकड्यावर मी कागदी चिकटपट्टी लावली आहे. खाली फक्त अंतर दिसते.