कांचन आवळा

सोलापुराकडील मुरमाड रानांत आवळा चांगला तग धरतो. मात्र जात पारखून लावावी. कांचन ही जात उत्तर प्रदेशांतील नरेन्द्र देव कृषि विद्यापीठानें चकैयाच्या रोपांतून निवडली. झाड भरपूर व नेमानें फळतें. फळ लहान व धागेदार, म्हणून मुरंब्यास आम्ही तें सुचविणार नाहीं. गर काढण्यास व सुपारीस मात्र उत्तम.

आम्हीं प्रथम एकट्या कांचनचींच कलमें लावलीं. चौथ्या वर्षीं फुलोरा दाट आला, फळ मात्र थोडेंच धरलें. आवळ्यास परजातीचा पराग लागतो, हें आम्हांस उशिरां उमगलें. मग मधूनमधून कृष्णा जातीचीं कलमें घातलीं. नव्या बागाइतदारांनीं हें आरंभींच करावें. उन्हाळाभर फांदीवर फळ दिसत नाहीं म्हणून झाडावर कुऱ्हाड चालवूं नये; वसंतांत धरलेला गर्भ पावसाळा लागल्यावरच वाढूं लागतो.