मृतांची मोजदाद आणि युद्धाची कारणे
युद्धाचे कारण विचारले की आपण राजाचे नाव सांगतो. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवलेल्या लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने आधी मृत मोजले. १८२० नंतरचे संघर्ष त्याने लॉगॅरिथमच्या एकाच पट्टीवर मांडले: एक खून म्हणजे ०, हजार मृत्यू म्हणजे ३, लाख म्हणजे ५. मग कारणे ताडून पाहिली. ज्या देशाला सीमा अधिक, त्याची युद्धेही अधिक, असे आढळले. समान भाषेने शांतता वाढल्याचे मात्र दिसले नाही. आपल्यासारख्या भाषाप्रेमींना हे झोंबणारेच!

आता आपले हैदराबाद पाहा. सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई पाच दिवसांत संपली. सुंदरलाल समितीने त्या वेळचे व नंतरचे मृत्यू २७ ते ४० हजार धरले. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. पट्टीवर हे ४.४३ ते ४.६० येते. फरक तेरा हजार माणसांचा, पट्टीवर अवघा ०.१७! इतर युद्धांशी तुलना करायला एवढे पुरते. कारण शोधायला पुरत नाही. फौजेशी लढताना किती गेले आणि गावातल्याच माणसांनी किती मारले, हे वेगळे काढावे लागते. त्यासाठी गावोगावच्या याद्या हव्यात. इथे समितीचा अहवालच कित्येक दशके अप्रकाशित राहिला.