कारण न कळणारा त्वचेचा दाह

पावसाळ्यांत आमच्या कित्येक शेतकरी बंधूंच्या अंगास खाज सुटते, कातडी लाल होऊन फोडांतून पाणी स्रवतें, व पुढें ती जाड आणि काळसर पडते. कोणी यास रक्तदोष म्हणतो, कोणी दैवाचा कोप. आणि घरचीं माणसें भीतीनें रोग्याचें ताट वेगळें मांडतात. परंतु कारण ठाऊक नसणें म्हणजे कारणच नसणें नव्हे. तें न शोधतां मलमें बदलीत राहणें म्हणजे मोजणीवांचून हद्दीचा तंटा मिटविणें होय.

गाजर गवताचेंच उदाहरण घेऊं. मूळचें अमेरिका खंडांतील हें तण पुणें येथें १९५५ च्या सुमारास आढळलें व पुढें देशभर पसरलें. त्यांतील पार्थेनीन नांवाचें द्रव्य कित्येकांस सोसत नाहीं. हा विकार पहिल्या स्पर्शासच होतो असें नाहीं; वर्षानुवर्षें तें गवत उपटणाऱ्याचें शरीर एके दिवशीं त्याच्याशीं वैर धरितें, व मग अल्प स्पर्शही पुरतो. शिवाय दाह बहुधा एक-दोन दिवसांनीं उठतो. म्हणून ‘आजवर कांहीं झालें नाहीं, मग आतांच कसें?’ असें म्हणून रोगी खऱ्या कारणासच वगळतो. हा दाह स्पर्शानें दुसऱ्यास होत नाहीं. तेव्हां ताट वेगळें करण्याचें प्रयोजन नाहीं.

दप्तरी कामाच्या संवयीनें आम्ही वाचकांस एक नोंदवही ठेवण्यास सुचवितों. तींत तारीख, शेतांतील काम, हाताळलेल्या वस्तु (फवारणीचें औषध, बिब्बा, सिमेंट, रबरी हातमोजे, साबण, केसांचा कलप) व दाहाची जागा लिहावी. आणि दाह उठतांच मागील दोन-तीन दिवसांच्या नोंदी पाहाव्या. पापण्या, मान व कोपराची खळगी सुजल्यास हवेंतून येणाऱ्या तणाच्या कणांचा संशय घ्यावा, कमरेस पट्ट्याच्या बकलाचा, पायांस पादत्राणांचा. परगांवीं गेल्यावर आराम व परतल्यावर त्रास, हीही मोठी खूण होय.

ही वही त्वचारोगतज्ज्ञास दाखवावी. ते संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर लावून ४८ तासांनीं काढतात, व पुढें एक-दोन दिवसांनीं पुन्हां पाहतात. हा प्रयोग घरीं करूं नये.

शेतांतून येतांच अंग धुवून कपडे बदलावे व त्वचेस खोबरेल लावावें. रॉकेल, फिनेल कदापि लावूं नये. दुकानांतून मागून आणलेलीं स्टेरॉईडयुक्त मलमें दाह तात्पुरता दबवितात. परंतु दीर्घकाळ वापरल्यास कातडी पातळ होते, आणि मुळांत गजकर्ण असल्यास तें अधिक पसरतें. गाजर गवत फुलण्यापूर्वींच, अंगभर कपडे व हातमोजे घालून उपटावें; मात्र ज्यास त्याचा विकार आहे त्यानें तें काम दुसऱ्यावर सोंपवावें.

घरांतील अनेकांस रात्रीं खाज सुटल्यास ती खरूज असूं शकते. ती स्पर्शानें पसरते, म्हणून सर्वांनीं एकदमच उपचार घ्यावे. चट्टा बधिर असल्यास सरकारी आरोग्य केंद्र गांठावें. कुष्ठरोगाचें औषध तेथें विनामूल्य मिळतें व रोग बरा होतो. सर्वांग लाल होऊन ताप आल्यास विलंब न लावतां रुग्णालयांत जावें.

इतकें करूनही कांहींचें कारण सांपडत नाहीं. अशांनीं वरील निगा व वैद्यकीय उपचार चालूच ठेवावे, आणि वही बंद करूं नये. यंदा न दिसलेली खूण पुढील हंगामांतील नोंदींत दिसूं शकते.